सिंगल वाजली होती, मामा

मामा,

काल तुमचा दहावा झाला. मामींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही आणि मीही पोटभर जेवले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तरीणबाईला कितीबी दुःख झालं तरी भूक बराबर लागती." लागते, मामा. आज सकाळी परत ड्युटीवर गेले. हिंगोलीहून नांदेड, नांदेडहून हिंगोली. आता घरी कळमनुरीला येऊन, पाय गरम पाण्यात सोडून हे लिहिते आहे. तुमच्याशी बोलायचं जे राहिलंय ते कुठेतरी काढलं पाहिजे, नाहीतर मी ते प्रवाशांवर काढीन.

काल सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. एवढी वर्षं गाडी चालवली पण कुणाला ओरखडा नाही, स्वभाव किती शांत, कधी कुणाला उलट बोलणं नाही. शांत! मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावला आणि लोकांना वाटलं रडतेय. सहा वर्षं मी तुमच्या गाडीची कंडक्टर, म्हणजे तुमच्या भाषेत मास्तरीण, होते. तुम्ही शांत वगैरे काही नव्हतात. तुम्ही हट्टी होतात, आणि हट्टी माणूस बोलत नाही एवढंच.

आपलं भांडण पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीचं. रस्त्यात कुणी हात दाखवला की गाडी थांबली पाहिजे, असं माझं म्हणणं. वेळेवर पोचली पाहिजे, असं तुमचं. घंटीची दोरी माझ्या हातात आणि ब्रेक तुमच्या पायाखाली. एकदा वाजली म्हणजे सिंगल, थांबायचं; दोनदा वाजली म्हणजे डबल, निघायचं. तुम्ही बडबडत थांबायचात, पण थांबायचात. म्हणून तर त्या दिवसाचा मला एवढा राग आला.

हळद शिजवायचे दिवस होते, सगळ्या रस्त्याला तोच वास. आपण आखाडा बाळापूर सोडलं, आणि वारंगा फाट्याच्या अलीकडे पांदण सडकेला मिळते तिथे एक बाई उभी होती. काखेत लेकरू, एक हात वर. मी सिंगल वाजवली. गाडी थांबली नाही. पुन्हा वाजवली. मागच्या काचेतून ती बाई वर केलेला हात हळूहळू खाली घेताना मला दिसली. मी गर्दीतून वाट काढत तुमच्यापाशी आले.

"मामा, काहून थांबले न्हाई? सिंगल वाजली होती."

तुम्ही समोरच बघत होतात. "ऐकू आली," म्हणालात. बस्, एवढंच.

त्यानंतर मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. चहाला वेगळ्या टपरीवर गेले. तुम्ही एकदा डबा पुढे केलात, मी खिडकीबाहेर बघितलं. आपण फक्त घंटीवर गाडी चालवली. मला वाटत होतं, तुम्ही माझ्या घंटीला किंमत देत नाही. आणि पाचव्या दिवशी सकाळी, ड्युटीला निघताना, तुम्ही डोंगरकड्याला तुमच्याच अंगणात हौदापाशी पडलात. डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड जरा वाकडं झालं, पण बोलणं शाबूत राहिलं. भांडायला तेवढं पुरे होतं.

दवाखान्यातून सोडल्यावर पहिल्यांदा तपासणीला नेलं ते आपल्याच गाडीतून. दोघांनी काखेत हात घालून तुम्हाला पोत्यासारखं आत ओढलं. डावा हात बाहेरच लोंबत राहिला होता, तो मी उचलून तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही त्या हाताकडे बघितलंत, मग माझ्याकडे.

"मास्तरीण, आजपासून मी गाडीत बसणार न्हाई," म्हणालात. "ज्या दिवशी माझ्या पायानं चढीन त्या दिवशी बसीन. अन् चढीन तं डाव्या हातानं दांडी धरून."

"उजव्यानं धरली तं काय बिघडलं?"

"गिअरचा हात हाय तो. तोच पायजे."

झालं. ठरलं म्हणजे ठरलं. पुढचे सगळे महिने तुम्ही नांदेडला जीपने हाडं खिळखिळी करत गेलात, पण लाल गाडीत पाऊल टाकलं नाहीत. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. हात मात्र लोंबतच राहिला.

मग नांदेडच्या दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमनी मशीनचं सांगितलं. डोक्यावर दोन ओल्या पट्ट्या बांधायच्या, त्यांतून अगदी बारीक करंट सोडायचा, आणि त्याच वेळी डोळे मिटून हात हलवतोय असं मनात करायचं. नुसतं मनात. मेंदूचा तो भाग जागा व्हायला त्याने मदत होते, म्हणाल्या. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मला येड्यात काढून राहिले काय? करंट देऊन अन् मनात हात हलवून कुणाचा हात आलाय?"

मॅडम तशा लहान वयाच्या, पण घाबरल्या नाहीत. "काहींचा थोडा येतो, काका. काहींचा येत नाही. मी खात्री देत नाही. पण मनात हालचाल करताना मेंदूत बरंचसं तेच काम चालतं, जे खरी हालचाल करताना चालतं. मात्र सिनेमा बघितल्यासारखं लांबून बघायचं नाही. आत बसून करायचं."

"मग पाण्याचा गिलास उचलू मनात?"

"तुम्ही आयुष्यभर काय केलं या हाताने?"

तुम्ही एका शब्दात सांगितलंत. गिअर.

दोन आठवडे मशीन झालं. मुंग्या चालल्यासारखं वाटतं, दुसरी काही तकलीफ नाही, असं तुम्हीच सांगितलंत. घरी रोज सकाळ-संध्याकाळ खाटेवर डोळे मिटून तुम्ही हिंगोली ते नांदेड गाडी न्यायचात. मामी सगळ्या गल्लीला सांगायच्या, "त्यायची ड्युटी चालू हाय, आवाज करू नका." आणि हात जिथल्या तिथे. एक बोट हलेना. मॅडमच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. मीही मनातून आशा सोडली होती, मामा. तुम्हाला सांगितलं नाही, आज सांगते.

माझ्या सुट्टीच्या एका दिवशी मी तुमच्या खाटेशी बसले होते. तुम्ही म्हणालात, डबल वाजव. मी तोंडानेच वाजवली. तुम्ही डोळे मिटलेत. मला कंटाळा आला म्हणून थोड्या वेळाने विचारलं, "मामा, कुठं आलो?"

"अर्धापूर."

"अर्धापूर? कळमनुरीला किती वेळ थांबले?"

"थांबलो न्हाई."

"अन् बाळापूर?"

"गेलं."

"तुमच्या सोताच्या डोंगरकड्याला तरी?"

तुम्ही मानेनेच नाही म्हणालात. मला आधी हसू आलं आणि मग एकदम सगळं उलगडलं. महिनाभर तुम्ही सगळा रस्ता टॉप गिअरमध्ये मारत होतात. गाडी कुठे थांबवायचीच नाही, तर डाव्या हाताला काम काय? तो मनातसुद्धा मांडीवरच पडून होता. मॅडमची मेहनत, मशीन, पट्ट्या, सगळं पाण्यात.

"मामा, काहून थांबत न्हाई तुमी?"

"थांबलं की परत फर्स्ट टाकावा लागतो. न्हाई पडला तं?" तुम्ही डोळे उघडले नाहीत. मामी चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग तुम्ही म्हणालात, "त्या दिवशीबी तसंच झालतं."

"कोणत्या दिवशी?"

"बाई उभी होती त्या दिवशी. बाळापूर सोडलं अन् हात गिअरवरून सरकला. मांडीवर पडला. पाय जड. तुझी सिंगल ऐकू आली ना. पर वाटलं, आता थांबलो तं पुन्हा निघता यायचं न्हाई. तसाच दाबत नेली. फाट्यापर्यंत मुंग्या आल्या अन् हात परत आला."

"अन् कुणाला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तं स्टेअरिंग काढून घेतलं असतं." आणि वर म्हणालात, "अन् सांगू कुणाला? तू बोलत नव्हती."

मी उठले. मला आठवतंय मी काय बोलले ते, आणि त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. "गाडीत पंचावन्न माणसं होती, मामा. लेकरंबाळं होती. मी होते. हात गेलेल्या माणसानं आमाला फाट्यापर्यंत नेलं अन् पुढं चार दिवस अजून नेलं." चहा न घेता निघाले. जीपमध्ये बसल्यावर रडायला आलं ते रागाने की कशाने, कळलं नाही. पुढे मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, काही मिनिटांसाठी हात जाणं आणि परत येणं हा इशारा असतो. त्याच दिवशी पळत दवाखाना गाठायचा असतो. त्याच दिवशी. तुमच्याकडे पाच दिवस होते. त्यातले चार मी तोंड फिरवून घालवले. मी बोलत असते तर तुमचा हात मला दिसला असता. गिअर कधी नव्हे ते खरखरत होता तेव्हा मी म्हटलं असतं, मामा, आज गाडी रडते काहून? तुम्ही तरीही सांगितलं नसतंत कदाचित. पण मी विचारलं असतं.

ते आठ दिवस वाईट गेले. पौर्णिमेला विहारात गेले. तिथे डोळे मिटून शांत बसायला सांगतात, मला ते कधीच जमलेलं नाही. त्या दिवशी डोळे मिटले की ती पांदण दिसायची. बसल्या बसल्या मला एक गोष्ट कळली. तुम्ही अजून त्याच गाडीत होतात. थांबायची भीती घेऊन तसेच पुढे पुढे चालला होतात आणि तुम्हाला थांबवायचं काम माझं होतं. घंटी माझ्या हातात असते.

पुढच्या सुट्टीला आले ती स्टीलचा ग्लास आणि चमचा घेऊनच. मामींना म्हटलं, मुसळ द्या. उखळात मुसळ उभं केलं, ते तुमच्या डाव्या बाजूला ठेवलं. गिअरच्या दांडीसारखंच हलत होतं ते. मामी कावल्या. "आता मी मिरची कशात कांडू?"

"पाट्यावर वाटा, मामी. मामांची गाडी डेपोतून निघून राहिली."

नियम मी सांगितला. प्रत्येक स्टॉपला थांबायचं. कुणी हात दाखवला की थांबायचं. आधी मनात सगळं करायचं, मग मुसळावर हात ठेवून खरं करून बघायचं. टण, एकदा. "क्लच. हात उचला. गिअरचा गोळा गार हाय का गरम?"

"गरम. उन्हाचा."

"थरथरतो का?"

"थरथरून राहिला."

"न्यूट्रल. हँडब्रेक. माणसं चढू द्या. झालं? आता फर्स्ट." आणि टण टण.

पहिल्या दिवशी कळमनुरीपर्यंतच पोचलो. तुम्ही घामाने भिजलात. पडल्या पडल्या माणूस एवढा दमतो हे मला माहीत नव्हतं. मी ड्युटीवर असले की मामी चमचा वाजवायच्या, आणि तुम्ही तक्रार करायचात की या बाईला सिंगल आणि डबलमधला फरक कळत नाही. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग वही काढून लिहून घेतलं. त्यांनी मशीनची दुसरी फेरी लावली. या वेळी तुमच्या डोक्यावर पट्टा आणि शेजारी मी, ग्लास-चमचा घेऊन. तिसऱ्या दिवसापासून तिथले बाकीचे पेशंट हात वर करायला लागले. "ओ मास्तरीणबाई, आमाला वारंग्याला उतरायचंय!" एक आजोबा तर रोज सुटे नाहीत म्हणायचे. तुम्ही डोळे मिटून दर वेळी थांबलात.

मग एक दिवस मुसळावर ठेवलेला अंगठा हलला. मामींनी चमचा खाली टाकला. तुम्ही म्हणालात, "सिंगल वाजली का डबल?"

मशीनमुळे झालं की थांबण्यामुळे, मी मॅडमना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, वेगळं काढून सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र पक्कं माहीत होतं. "बॅटरी उतरली की गाडी धक्क्यावर चालू करतो ना आपण? धक्का मारायला धा माणसं असू दे. आत बसलेल्यानं गिअर टाकून क्लच सोडला न्हाई तं गाडी नुसती ढकलत न्यायची." मॅडमनी तेही लिहून घेतलं.

पुढे बोटं वळायला लागली. मूठ मिटायची, पण उघडायची नाही. तुम्ही चिडायचात, मी चिडायचे, मामी दोघांवर चिडायच्या. पण रोज दोनदा गाडी निघत होती. आणि एका सकाळी, बाळापूर सोडल्यावर, मी चमचा वाजवलाच नव्हता, तरी तुमचा डावा हात मुसळाकडे गेला. आपणहून. मुसळ न्यूट्रलला आलं.

"मामा, घंटी न्हाई वाजली. काहून थांबले?"

"बाई उभी हाय ना तिथं. लेकरू हाय काखेत."

मी चमचा हातात धरून वाट बघितली. मग तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "चढली. वाजव आता." मी दोनदा वाजवलं. चुकलो असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, मामा, त्या दिवशीही नाही. मीही म्हटलं नाही. ते दोघांचंही राहून गेलं.

तुम्ही चढलात तो दिवस मी विसरणार नाही. थंडी होती. डोंगरकड्याच्या स्टॉपवर तुम्ही इस्त्रीची खाकी पँट घालून उभे होतात, मामी दोन पावलं मागे, हात लावायची त्यांना बंदी. मी दारात उभी. तुमचा डावा हात निघाला, खांद्यापर्यंत आला, जरा खाली गेला, परत आला आणि दांडीला लागला. एकेक बोट वळलं. आतून कुणीतरी ओरडलं, "चला ना हो, उशीर होऊन राहिला!" मी म्हटलं, "ही गाडी माझ्या घंटीवर निघती." एक पायरी. दुसरी. तुम्ही वर आलात.

आणि मग हात सुटेना! मूठ दांडीला घट्ट बसली. तुम्ही दारातच अडकलात, मागे चार माणसं खोळंबली. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "आता इचार ना, गार हाय का गरम."

"गार हाय का गरम?"

"गार," म्हणालात, आणि डोळे मिटलेत. भर गर्दीत, दारात, डोळे मिटून उभे राहिलात. करंगळी सुटली, मग बाकीची. सगळ्यांचं लक्ष आहे हे बघून म्हणालात, "पावनं, ही सीट ड्रायव्हरला सोडा." मी दोरी ओढली.

तीन वेळा तुम्ही असे चढलात. मग दुसरा झटका आला. या वेळी मामींनी एक मिनिट घालवलं नाही, अर्ध्या तासात तुम्हाला गाडीत घालून नेलं. तरी तुम्ही राहिला नाहीत. मुसळ परत मिरचीकडे गेलं नाही, मामींनी ते तसंच खाटेशी ठेवलंय. मॅडमचा परवा फोन आला होता. बाळापूरची एक बाई आहे, टेलरिंग करायची, उजवा हात गेलाय. मी तिच्याशेजारी बसायला येईन का, असं विचारत होत्या. मी पुढच्या सुट्टीला जाते आहे. तिला आधी विचारणार, मनात शिलाई मशीन चालवताना ती कुठे थांबायचं टाळते.

मामा, तुम्ही त्या दिवशी गाडी बाजूला घ्यायला पाहिजे होती हे माझं मत आजही कायम आहे. आणि मी बोलायला पाहिजे होतं, हेही. तुमची चूक मोठी होती, माझी लांबली. यापुढे मी भांडीन, पण बोलून भांडीन. माझ्या गाडीत आता अबोला चालणार नाही.

डेपोत मला हसतात. गेल्या काही महिन्यांपासून मी सकाळी घंटी वाजवायच्या आधी ड्रायव्हरला दोन्ही हात वर करायला लावते, हसून दाखवायला लावते, नाव विचारते; झटका असा ओळखायचा, हे मॅडमनी शिकवलंय. मास्तरीण पीटी घेते म्हणतात. आजचे ड्रायव्हर वसमतकडून बदलून आलेले, वयाने तुमच्याएवढेच. म्हणाले, "मला काय झालंय? बाई, वाजवा अन् निघू द्या."

मी सीटवर बसून राहिले. पाच मिनिटं गेली. प्रवासी कुरकुरले, बाहेरून कंट्रोलर ओरडले. मी म्हटलं, "सायेब, चार दिवस मी एकाला विचारलं न्हाई. आता रोज इचारते. हात वर करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आरशात गाडीभर बघितलं आणि हात वर केले. डावा जरा मागे राहिला असं मला वाटलं. मी पुन्हा करायला लावले. या वेळी दोन्ही हात बरोबर वर गेले. मग मी दोरी दोनदा ओढली.